सदाशिव पेठेतला शनिवारचा वर्ग: ‘उदारमतवाद’ हा शब्द आला कुठून?

मी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, कांदा-बटाटा विभागात, एका आडत्याकडे हिशेब लिहितो. शनिवारी यार्डाला सुट्टी, म्हणून हा वर्ग मला जमला. सहा शनिवार, दुपारी तीन ते साडेपाच, फी १२०० रुपये, विद्यार्थ्यांना निम्मी. जागा सदाशिव पेठेत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. शिकवणाऱ्या बाई महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. विषय एकच: ‘उदारमतवाद’, म्हणजे इंग्रजीतला ‘लिबरॅलिझम’, हा राजकारणातला शब्द कुठून आला आणि कुणी कुणी तो कशासाठी वापरला. पैसे वसूल झाले का, असं यार्डात दोघातिघांनी विचारलं. झाले. कसे झाले ते सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या तुकडीला जाणाऱ्यांना ठरवता येईल.

नाव घालण्यामागचं कारण घरातलंच. आमचं गाव खेड तालुक्यात. वडील, म्हणजे आमचे तात्या, शेतकरी संघटनेचे लाल बिल्लेवाले कार्यकर्ते. संघटनेचे नेते शरद जोशी हेच खरे उदारमतवादी, असं ते आजही ठासून सांगतात, आणि त्यांच्या लेखी त्याचा अर्थ साफ आहे: सरकारनं शेतमालाच्या वाटेतून बाजूला व्हावं. माझा भाचा हिंजवडीत नोकरीला. त्याच्या तोंडी ‘लिबरल’ म्हणजे ज्याला सगळं सरकारनं फुकट द्यायला हवं असतं असा माणूस, आणि तो शब्द तो शिवीसारखा वापरतो. दोघं एकमेकांवर तुटून पडतात तेव्हा शब्द एकच असतो, माणसं मात्र दोन वेगळ्याच गोष्टींबद्दल बोलत असतात. याचा उलगडा मला कुणाकडून तरी नीट करून घ्यायचा होता.

बाईंनी सुरुवात इंग्लंडपासून केली नाही, याचं मला फार कौतुक वाटलं. फळ्यावर त्यांनी स्पेनचा नकाशा लावला आणि खालच्या टोकाला, समुद्रात घुसलेल्या एका चिंचोळ्या जमिनीवर बोट ठेवलं. कादिझ, स्पेनचं बंदराचं शहर. नेपोलियननं १८०८ साली स्पेनच्या राजाला कैदेत टाकलं आणि गादीवर आपला भाऊ बसवला. देश फ्रेंचांच्या टाचेखाली. अशा वेळी २४ सप्टेंबर १८१० रोजी कादिझशेजारच्या एका बेटावरच्या गावात स्पॅनिश प्रतिनिधींची सभा भरली, आणि काही महिन्यांनी ती कादिझ शहरात हलली. जमिनीकडून फ्रेंचांचा वेढा, समुद्राकडून इंग्रजांच्या आरमाराचा आधार. राजा हजर नाही, शत्रू दारात, आणि आत बसलेली माणसं वाद घालताहेत की राज्य मुळात कुणाचं, राजाचं की राष्ट्राचं. छापखान्यांवरचा पहारा उठवायचा की नाही. अमेरिकेतल्या स्पॅनिश वसाहतींचे प्रतिनिधीही त्यात होते.

या सभेत राजाच्या सत्तेला लगाम घालू पाहणाऱ्यांना ‘लिबरालेस’ म्हणू लागले. विरोधकांना त्यांनी नाव ठेवलं ‘सेर्व्हिलेस’, म्हणजे लाचार, हांजी हांजी करणारे. ‘लिबरल’ हे विशेषण युरोपात त्याआधीही होतं, पण ते सढळ हाताच्या माणसासाठी, किंवा स्वतंत्र माणसाला शोभेल अशा शिक्षणासाठी. एका राजकीय गटाचं नाव म्हणून ते रुजलं ते या वेढ्यात. १९ मार्च १८१२ ला त्यांनी राज्यघटना जाहीर केली. सार्वभौमत्व राष्ट्राचं, असं तिच्यात लिहिलं. आणि त्याच घटनेत असंही लिहिलं की स्पेनचा धर्म कॅथलिक, दुसऱ्या कुठल्याही धर्माच्या आचरणाला परवानगी नाही. आफ्रिकी वंशाच्या माणसांना नागरिकत्वातून बाहेर ठेवलं. बाई दोन्ही बाजू एका दमात सांगतात, काही झाकत नाहीत. १८१४ मध्ये राजा परत आला, त्यानं घटना रद्द केली आणि उदारमतवाद्यांना तुरुंगात घातलं.

तिथून पुढचा शब्दाचा प्रवास बाईंनी भराभर सांगितला. इंग्लंडातले टोरी, म्हणजे पुराणमतवादी, हा शब्द सुरुवातीला विरोधकांना हिणवायला वापरत, मुद्दाम स्पॅनिश रूपात, म्हणजे हे लोक परक्या बंडखोरांच्या वळणाचे असं दिसावं. पण शब्द तिथं मुरला, आणि ६ जून १८५९ रोजी लंडनमध्ये व्हिग, रॅडिकल हे सुधारणावादी गट आणि माजी पंतप्रधान पीलचे अनुयायी एकत्र येऊन लिबरल पक्ष उभा राहिला. उदारमतवादाचा जनक म्हणून ज्या इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकचं नाव परीक्षेत लिहितात, त्याचे राजकीय ग्रंथ १६८९ च्या सुमाराचे. त्यानं स्वतःला उदारमतवादी कधीच म्हणवलं नाही, कारण त्या अर्थानं तो शब्दच नव्हता. अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथनं १७७६ मध्ये समता, स्वातंत्र्य आणि न्याय यांच्या ‘लिबरल’ योजनेबद्दल लिहिलं, तेही पक्षाचं नाव म्हणून नव्हे. या दोघांना वंशावळीत नंतर बसवलं गेलं. वर्गात एमपीएससीची तयारी करणारी बरीच मुलं होती, त्यांच्या वह्यांत इथे खाडाखोड झालेली मी पाहिली.

मला स्वतःला हरखून टाकणारी गोष्ट दुसऱ्या शनिवारी कळली. १८२० मध्ये स्पेनमध्ये उठाव होऊन कादिझची घटना परत लागू झाली, आणि त्या घटनेची एक आवृत्ती कलकत्त्याच्या राममोहन रॉय यांच्या उदारमतवादाला अर्पण केलेली होती. पुढच्या वर्षी इटलीतल्या नेपल्समधली घटनात्मक राजवट ऑस्ट्रियाच्या फौजेनं चिरडल्याची बातमी आली, तेव्हा राममोहन इतके खचले की ठरलेली भेट त्यांनी रद्द केली. म्हणजे हे विचार विलायतेहून डब्यात भरून आले आणि आपण नुसते गिळले, असं झालेलंच नाही. लंडनमध्ये लिबरल पक्ष जन्माला यायच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधी इथला एक माणूस त्या झगड्यात आपला पक्ष ठरवून बसला होता. बाई हे सांगताना आवाज जरासुद्धा चढवत नाहीत. माझ्या अंगावर मात्र काटा आला.

तिसऱ्या शनिवारी वर्ग तापला. इंग्लिश विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलनं १८५९ मध्ये व्यक्तिस्वातंत्र्याचा जो निबंध लिहिला, त्यातच रानटी लोकांवर हुकूमशाही राज्य करणं रास्त आहे असंही लिहिलं, हेतू त्यांच्या सुधारणेचा असला म्हणजे झालं. आणि हा मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “मॅडम, मग याला आपण डोक्यावर का घ्यायचं?” बाईंनी त्याची समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. आगरकरांनी मिल वाचला आणि त्याचं हत्यार करून इथल्या रूढींवर चालवलं, एवढं सांगून त्यांनी पुढचा दाखला दिला. इंग्लंडचा पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या लिबरल सरकारनं रिपनला व्हाइसरॉय म्हणून पाठवलं, त्यानं १८८२ मध्ये देशी वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा रद्द केला. त्याच १८८२ मध्ये त्याच सरकारनं इजिप्तवर फौज उतरवली. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी पार्लमेंटात निवडून आले, ते याच पक्षाच्या तिकिटावर. हे सगळं एकाच फळ्यावर, एकाखाली एक. मुलगा बसला, पण त्याचा प्रश्न पुढे सगळ्या तासांना पुरला.

आता पुण्याबद्दल. चौथा आणि पाचवा शनिवार पुण्याचे, आणि एवढ्या दोन तासांसाठीसुद्धा मी पूर्ण फी भरली असती. बाईंनी प्रत्येकाच्या हातात एक कागद ठेवला. १८९६ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी डेक्कन सभा काढली, तिच्या जाहीरनाम्यातला उतारा. आदल्या वर्षी सार्वजनिक सभा ही पुण्याची जुनी राजकीय संस्था टिळकांच्या मंडळींनी ताब्यात घेतली होती, म्हणून ही नवी सभा. कागदाच्या वरच्या भागात इंग्रजी, खाली बाईंनी स्वतःच्या अक्षरात केलेला मराठी तर्जुमा. त्यात म्हटलंय की उदारमतवाद आणि नेमस्तपणा ही या सभेची ब्रीदवाक्यं. उदारमतवाद म्हणजे वंशाच्या आणि पंथाच्या पूर्वग्रहातून मोकळं होणं, आणि माणसामाणसांत न्याय होईल त्या सगळ्याशी निष्ठा ठेवणं. राज्यकर्त्यांना कायद्यापुरती निष्ठा द्यायची, पण कायद्यापुढची समानता हा रयतेचा हक्क तिच्या पदरात पाडून घ्यायचा. नेमस्तपणा म्हणजे अशक्याच्या मागे न धावता रोज हाताशी असलेलं काम करत पुढचं पाऊल टाकायचं.

हा कागद मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून गल्ल्याच्या खणात ठेवला आहे. ‘पूर्वग्रहातून मोकळं होणं’ या ओळीखाली मी शाईनं रेघ मारली. व्याख्या म्हणून मी आजवर जे काही ऐकलं त्यात हिच्याइतकी थेट दुसरी नाही, कारण ती राजापासून सुरू होत नाही, माझ्यापासून सुरू होते.

याच रानड्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं आणि स्पष्ट सांगितलं की इंग्लंडचा खुल्या व्यापाराचा सिद्धान्त जसाच्या तसा हिंदुस्थानला लागू होत नाही, इथल्या उद्योगांना सरकारनं हात द्यायला हवा. हे ऐकून मी बाईंना म्हणालो, आमचे तात्या रानड्यांना उदारमतवादी मानणार नाहीत. बाई म्हणाल्या, “त्यांना हे व्याख्यान वाचायला द्या, मग काय म्हणतात ते मला सांगा.” दिलं आहे. तात्यांचं उत्तर यायचं आहे.

फुल्यांची गोष्ट बाईंनी जिथे ठेवायची तिथेच ठेवली. १८८५ मध्ये ग्रंथकार सभेचं निमंत्रण रानड्यांनी जोतीरावांना पाठवलं, आणि जोतीरावांनी पत्र लिहून नकार दिला: जे लोक सगळ्यांचे मानवी हक्क मोकळ्या मनानं आणि उघडपणे मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही. डेक्कन सभेचा जाहीरनामा याच्यानंतर अकरा वर्षांचा. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले की उदारमतवादाचं पुण्यातलं थोरपण आणि त्याची मर्यादा दोन्ही एकदम दिसतात. आगरकरांवर मात्र मला आणखी हवं होतं. जिवंत असताना ज्याची प्रेतयात्रा याच शहरात काढली, जो १८९५ मध्ये अवघ्या ३९ व्या वर्षी गेला, त्याला अर्धा तास कमी आहे.

पाचव्या शनिवारी बाई सगळ्यांना बीएमसीसी रस्त्यावर भारत सेवक समाजाच्या आवारात घेऊन गेल्या. गोखल्यांनी १२ जून १९०५ ला ही संस्था काढली, गोखले अर्थशास्त्र संस्था याच आवारात १९३० मध्ये सुरू झाली. तिथे उभं राहून बाईंनी १९०७ ची काँग्रेसची सुरतेची फूट सांगितली, जहाल आणि मवाळ म्हणजे नेमस्त ही नावं सांगितली, आणि नेमस्तांनी १९१८ मध्ये काँग्रेसबाहेर पडून वेगळी परिषद भरवली तिथपर्यंत आणलं. मग एक गोष्ट सांगितली ती मला फार लागली. १८ जानेवारी १९४३ ला, रानड्यांच्या १०१ व्या जयंतीला, डेक्कन सभेनं पुण्यात व्याख्यानाला बोलावलं ते डॉ. आंबेडकरांना. बाबासाहेबांनी रानड्यांचा मोठेपणा मोकळेपणानं सांगितला, आणि नेमस्तांचा लिबरल पक्ष का ढासळला तेही सांगितलं: त्यांनी संघटना बांधली नाही, ते लोकांत गेले नाहीत.

सहावा शनिवार विसाव्या शतकाचा. अमेरिकेत १९३० च्या दशकातल्या मंदीत अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सरकारी मदतीच्या धोरणाला लिबरल म्हटलं, आणि ज्यांचा त्यांनी पराभव केला ते आधीचे अध्यक्ष हूव्हर स्वतःलाच खरा लिबरल म्हणवत राहिले. तिथे शब्द रूझवेल्ट यांच्याकडे गेला, माझ्या भाच्याच्या फोनवर येतो तो हाच अर्थ. ऑस्ट्रेलियात लिबरल पक्ष हा उजवीकडचा पक्ष आहे. यार्डात एकाच मार्क्याच्या गोण्या दोन गाड्यांतून उतरतात आणि सोडल्यावर एकीत गावठी कांदा निघतो नि दुसरीत लवकर खराब होणारा हळवा, तसं हे झालं आहे. मार्का बघून बोली लावणारा फसतो.

मग गोणी सोडून बघायची कशी? बाईंनी त्यासाठी एक साधा प्रश्न दिला आणि सहाही शनिवार तो सोडला नाही: कुणाच्या जाचातून कुणाची सुटका? कादिझमध्ये राजाच्या जाचातून प्रजेची. आगरकरांकडे रूढीच्या जाचातून बाईमाणसाची. रूझवेल्टकडे भुकेच्या जाचातून बेकाराची. ‘लिबरल’ कुणीही म्हणो, हा प्रश्न विचारला की तो कुठे उभा आहे ते कळतं.

आणि इथेच माझी मोठी तक्रार. हा प्रश्न खरा कसाला लागतो तो माझ्या गाळ्यावर, आणि त्याला वर्गात दहा मिनिटं मिळाली. शरद जोशी स्वित्झर्लंडची नोकरी सोडून परत आले, आंबेठाणला जमीन घेतली, चाकणला १९७८ मध्ये कांद्याचं आंदोलन उभं केलं. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा. बायकांच्या नावावर जमीन करून देण्याची लक्ष्मीमुक्ती याच संघटनेची. बाबासाहेब जे म्हणाले होते की उदारमतवादी लोकांत गेले नाहीत, त्याला महाराष्ट्रात कुणी उत्तर दिलं असेल तर ते चाकणच्या रस्त्यावर. बाईंनी नाव घेतलं, वर्ष सांगितलं आणि पुढे गेल्या. मी हात वर करून उठलो आणि बोललो.

मी सांगितलं ते असं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. त्या आठवड्यात गाळ्यावर शेतकऱ्याच्या हातात मी ज्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, दिल्या, त्यांत वजन तेच, हमाली-तोलाई तीच, गाडीभाडं तेच, फक्त भावाचा आकडा पडलेला. मंचरकडचा एक म्हातारा पट्टी उलटीसुलटी करून बघत राहिला, जणू मागच्या बाजूला काहीतरी राहिलं असेल. ती बंदी मे २०२४ मध्ये उठली, तोवर त्याचा माल कधीच संपला होता. तात्यांचा उदारमतवाद मला त्या दिवशी पुरता पटला: हा जाच सरकारचाच.

पण त्याच गाळ्यावर ती गोणी पाठीवर घेणारा हमाल आहे. बाजार पूर्ण मोकळा होता तेव्हा त्याला मिळेल ते घ्यावं लागे, पाठ मोडली की घरी. बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत बांधली, १९६९ मध्ये माथाडी कायदा आला, तेव्हा कुठे हमालीचा दर, नोंदणी, पुंजी या गोष्टी त्याच्या वाट्याला आल्या. तो जाच सरकारचा नव्हता, तो आमच्याच धंद्याचा होता आणि त्यातून सुटका कायद्यानं केली. शेतकऱ्याला सरकार बाजूला व्हायला हवं, हमालाला सरकार मधे यायला हवं, आणि दोघं उभे असतात एकाच गोणीच्या दोन बाजूंना. दोघांचीही मागणी मला रास्त वाटते, आणि दोघांनाही उदारमतवाद या शब्दात जागा आहे असं मी मानतो.

बाईंनी मला थांबवलं नाही, उलट खडू हातात दिला. मी फळ्यावर पट्टी काढून दाखवली. मघाचा मिलवर चिडलेला मुलगा खाली उतरल्यावर भेटला, तो निघाला परभणीचा, कापसाच्या घरातला. आम्ही अलका चौकापर्यंत बोलत गेलो.

बाकीचं थोडक्यात. याआधी एका दुसऱ्या ठिकाणी अशाच विषयावरच्या व्याख्यानमालेला मी पैसे भरले होते, तिथे वक्ते सगळा वेळ आपलीच मतं सांगत होते. इथे तसं नाही, बाई कुठल्या पक्षाला मत देतात ते मला आजही माहीत नाही. उणिवा अशा: ध्वनिमुद्रण देऊ म्हटलं होतं, ते अजून आलेलं नाही. इंग्रजी उताऱ्यांचा तर्जुमा फक्त पुण्याच्या दोन तासांना मिळाला, बाकीच्या तासांना माझ्यासारख्या मराठी माध्यमाच्या माणसाची ओढाताण होते. जिना अरुंद आणि कठडा हलता, पासष्टीच्या पुढच्यांनी सोबत कुणाला तरी आणावं. गाडी लावायला जागा मिळत नाही, बसनं या.

एमपीएससीवाल्यांनी जरूर जावं, पण तयार टिपणं मिळतील या आशेनं जाऊ नये, मिळत नाहीत. घरात या शब्दावरून खटके उडत असतील त्यांनी तर दोघांनी मिळून जावं. भाच्याचं नाव मी पुढच्या तुकडीला घातलं आहे, “मामा, फी तू भरणार असशील तर येतो” म्हणाला, भरली. ती तुकडी दिवाळीनंतर सुरू होते. शेवटचा शनिवार पूर्णपणे शेतकरी आणि हमालांच्या चळवळींना द्यावा, असं मी बाईंना लेखी दिलं आहे. त्यांनी होकार दिला तर त्या दिवशीच्या पट्ट्या आणि हमालीचे जुने दरपत्रक घेऊन मी येणार आहे.